एकट्याचा फोटो

“‘लोकप्रिय’ काढ,” कदिरेसन म्हणाला. “लोकप्रिय माणसाची पुस्तकं कॉटखाली नसतात.”

पेपराकडून आलेल्या तेनमोळीने लॅपटॉपवरचा शब्द पुसला. समोर चांगला जिताजागता माणूस बसलाय, आणि त्याच्याच घरात बसून त्याचा मृत्युलेख लिहायचा, अशी वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. म्हाताऱ्याला मात्र ऊत आला होता. चाळीस वर्षं तमिळ पेपरात काढली, अकरा कादंबऱ्या लिहिल्या, आणि दुसऱ्यांचे मृत्युलेख किती लिहिले ते त्याचं त्यालाच माहीत नाही. मंत्री असो की मिठाईवाला, माणूस जरा जास्त खोकायला लागला की ह्याचा मजकूर तयार. ऐन वेळी डेस्कची धावपळ नको, एवढंच.

तोच न्याय त्याने स्वतःला लावला. परवा डॉक्टरने फुप्फुसाचा स्कॅन दाखवला आणि फार वेळ नाही म्हणाला. हा हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरता उतरता संपादकाला फोन लावून मोकळा. मग बस पकडून बेडोक उपनगरातल्या घरी आला आणि गुपचूप ताकभात जेवला. बायकोला सांगितलं ते एवढंच, की पोंगलच्या पुरवणीसाठी मुलाखत घ्यायला एक मुलगी येणार आहे.

त्यामुळे वल्लियम्मै खूश. आत ओट्यापाशी उभी राहून केसरी परतत होती. केसरी म्हणजे आपला शिराच, फक्त भगवा आणि तुपात बुडालेला.

“स्वभाव काय लिहू, ऐया?” तेनमोळीने हळूच विचारलं.

“शांत.”

“कोण शांत?” आतून आवाज आला. “पोरी, पेपरात खोटं छापू नकोस हं!”

कदिरेसन गालातल्या गालात हसला. “लिही तू. शांत, प्रेमळ, मितभाषी. सगळ्यांचं तेच लिहितो आपण.”

तेवढ्यात निशिकांत दार न वाजवताच आत शिरला. खालच्या मजल्यावरचा पुण्याचा अकाउंटंट. शनिवारची कॉफी त्याने ह्यांच्याकडेच लावली होती. दोघांचं बोलणं चालायचं इंग्रजीत, पण एकमेकांची खेचायला भाषा लागते कुठे?

“काय सर, मुलाखत! बक्षीस लागलेलं दिसतंय.”

“लागलंय. जाहीर व्हायचंय.”

“मग पार्टी!”

“होणार ना. बघ तू, जे आजवर कधी आले नाहीत तेही येतील.”

तेनमोळीला ठसका लागला. निशिकांतने तिला पाण्याचा ग्लास दिला आणि वर सल्लाही दिला, “सवय करून घे. हा माणूस असाच आहे.”

वल्लियम्मै वाट्या आणि पातेलं घेऊन बाहेर आली. सगळ्यात मोठी वाटी तिने मुलीच्या हातात ठेवली. “खा. इतक्या वर्षांनी ह्यांची आठवण झाली म्हणायची तुमच्या पेपराला. चांगलं अर्धं पान द्या.”

“अर्धं नाही, पाव,” कदिरेसन म्हणाला. “अर्धं मंत्र्यांना.”

तेनमोळीने दोन चमचे खाल्ले. कधी एकदा उठते असं तिला झालं होतं. एकच काम राहिलं होतं.

“ऐया, ऑफिसने फोटो मागितलाय. घरात असेल त्यातलाच. एकट्याचा. समोर बघणारा.”

“देतो की.”

वल्लियम्मै निशिकांतच्या वाटीत वाढत होती. डाव तिथेच थांबला.

“घरातला कशाला? तुमचा फोटोग्राफर कुठे गेला?”

“अम्मा, तो...”

“रजेवर आहे,” कदिरेसन म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा.” ती मुलीकडेच बघत होती. “लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हे. कुणाकडे भेटायला जायचं, बाया तिकडे रडतायत, आणि हे दारातच घरच्यांना विचारणार, एकट्याचा आहे का? समोर बघणारा? जिवंत माणसाचा फोटो पेपरवाले स्वतः येऊन काढतात. घरून मागतात तो गेलेल्याचा.”

तेनमोळीची मान खाली गेली. निशिकांतच्या तोंडात केसरीचा घास होता. तो गिळावा की नाही, हेच त्याला कळेना.

“अहो,” वल्लियम्मै म्हणाली, “काय झालंय तुम्हाला?”

कदिरेसनने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांबाहेर बांबूंवर कपडे वाळत होते.

“पेपरवाल्यांना कधीपासून माहितीये?” तिने विचारलं.

“परवा. आधी डेस्कला कळवायचं असतं. हात आपोआप फोनकडे गेला.”

“आणि मी?”

“तुझ्यासाठी मजकूर जमेना,” तो म्हणाला. “बसमध्ये तीनदा जुळवला. तिन्ही वेळा फाडला.”

वल्लियम्मैने डाव पातेल्यात ठेवला. पदराला हात पुसले. ती रडेल असं निशिकांतला वाटलं, म्हणून तो चपला शोधायला उठला.

“बस तिथेच. वाटी संपव,” ती म्हणाली. मग मुलीच्या खांद्याला हात लावला. “तू जरा ऊठ, बाळ.”

तेनमोळी उठली. वल्लियम्मैने तिची खुर्ची पुढे ओढली आणि नवऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

“हं, सांगा आता. डॉक्टरपासून सुरू करा,” ती म्हणाली. “आणि निसर्गवर्णन नको.”