कडेवरचं जेवण

सोळा महिने झाले तरी लेक पाऊल टाकेना, म्हणून बापाच्या जिवाला घोर. पायात ताकद यावी म्हणून तो तिला कडेवर घेऊन घरभर हिंडत भरवायचा. खिडकीपाशी एक घास, जिन्यात दुसरा. महिन्याभरात त्याचीच पँट कमरेवर टिकेनाशी झाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, चालण्याचा व्यायाम तुमचाच चाललाय. तिला खाली ठेवा, हाताने खाऊ द्या."

दुपारी त्याने लेकीला कुस्करलेल्या केळ्यासकट चटईवर बसवलं आणि स्वतः समोरच्या भिंतीला टेकला. उन्हाच्या उबेत त्याचा डोळा लागला. स्वप्नात कुणीतरी ढगांवरून डुलत डुलत त्याच्याकडे येत होतं. ओठांना काहीतरी गोड, चिकट लागलं. त्याने डोळे उघडले.

त्याच्या पुढ्यात उभी राहून, मूठभर केळं त्याच्या तोंडात कोंबत लेक म्हणाली, "बाबा, आ."