पत्र्यावरचे ठोके

दादा गेल्यापासून त्याचा ट्रक अंगणात उभाच होता. आज सुरू झाला नाही, तर उद्या भंगारात जाणार होता. "घरात त्यांचा एवढाच आवाज उरलाय, भावजी," असं वहिनी म्हणाली, म्हणून मी मेकॅनिकला बोलावलं.

ट्रक फार दिवस उभा राहिला की डिझेलच्या नळीत हवा शिरते. एकाने बॉनेटखालचा छोटा हातपंप दाबून ती काढायची, दुसऱ्याने केबिनमध्ये बसायचं आणि पत्र्यावर दोन ठोके पडले की किल्ली फिरवायची. पंप नेहमी दादाकडे असे. पुस्तकी माणसाला किल्ली तरी जमेल, असं त्याला वाटे. पण मी तिथेही चाचरायचो. मग तो चिडून तिसरा ठोका मारायचा.

आज पंपावर मेकॅनिक होता. उघड्या बॉनेटमुळे मला तो दिसत नव्हता.

"काका, याला उठवण्यापेक्षा नवा जन्माला घालणं सोपं!"

दोन ठोके पडले. मी किल्ली फिरवली. इंजिन कण्हून थांबलं. असं कितीदा तरी झालं. बॅटरी उतरत आली. खिडकीत उभी असलेली वहिनी आत गेली.

पुढे पुन्हा पंपाची फसफस सुरू झाली. दोन ठोके पडले. मी किल्लीला हात घातला, तोच फाटकातून मेकॅनिक डिझेलचा डबा घेऊन आत आला.

"सॉरी काका, डिझेल आणायला गेलो, सांगायचं राहिलं," तो म्हणाला आणि थबकला. "पंपावर कुणाला उभं केलंत?"

माझा हात हलेना.

पुढून तिसरा ठोका पडला.