उजवीकडची सीट

"बोगद्यातून गेलो तर वीस मिनिटांत पलीकडे, तात्या," जावईबापू मोबाईलवरचा नकाशा दाखवत म्हणाले.

तात्यांनी त्या सरळ रेघेकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारी आल्प्सवरून वेटोळी घालत गेलेल्या रस्त्यावर त्यांनी बोट टेकवलं. "एकतीस वर्षं आंबेनळी घाटात एसटी चालवली, ती काय उंदरासारखं बिळातून जायला? घाटानंच जायचं. आणि गाडी आमची रोहिणी चालवेल."

चढ संपून उतार लागला. इथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे तात्या बसले होते ते उजवीकडे, जन्मभराच्या त्यांच्या जागेवर. दर वळणाला त्यांचा पाय नसलेला ब्रेक शोधत होता.

एका अरुंद वळणावर समोरून पिवळी बस चढत आली. रस्ता एकाच गाडीपुरता. तात्या काही बोलणार, तेवढ्यात लेकीनं रिव्हर्स टाकला आणि दरीच्या कडेनं, एकदाही न अडखळता, गाडी मागच्या रुंद जागेपर्यंत वर नेली.

"चढणाऱ्याला आधी वाट. तुम्हीच शिकवलंय ना?"

शेजारून जाताना बसच्या ड्रायव्हरनं हात वर केला. घाटात एसटीवाले एकमेकांना करतात, अगदी तसाच. सवयीनं तात्यांचाही हात उठला, पण अर्ध्यातच थांबला. त्यांनी तो सावकाश मांडीवर ठेवला आणि ताठ बसले.

"अगं, बघत काय बसलीस? हात कर की! तुला केलाय त्यानं."