उडालेला किल्ला

कस्तुरीच्या सहाव्या वाढदिवसाला सोसायटीच्या मैदानावर हवा भरून फुगवलेला किल्ला आणला होता. आत अकरा मुलं किंचाळत उड्या मारत होती. बाहेर उभ्या असलेल्या शालन आत्याला दिसलं, वारा आला की किल्ल्याचा एक कोपरा वीतभर उचलला जातोय.

"अहो, दोऱ्या खुंट्यांना बांधल्या नाहीत का?" तिनं किल्लेवाल्याला विचारलं.

"मुलांचं वजन आहे ना ताई, काही होत नाही."

आत्या पदर खोचून थेट आत शिरली. दोनदा आपटली, तशी मुलं खिदळली. "बाहेर केक कापतायत!" ती ओरडली आणि सगळी धडाधड बाहेर पळाली. शेवटी कस्तुरीला काखोटीला मारून तीही घसरत खाली आली.

तेवढ्यात वावटळ उठली. रिकामा किल्ला गिरक्या घेत वर गेला, मंडपावरून उडाला आणि पाण्याच्या टाकीवर जाऊन लटकला.

मोठी माणसं घाईघाईनं मुलं मोजू लागली. मुलं मात्र टाळ्या पिटत नाचत होती.

"आत्या," कस्तुरी तिचा हात ओढत म्हणाली, "पुन्हा उडव ना!"

आत्या मटकन गवतावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटली.