ताईच्या कपाटातला भुंगा

विज्ञानाला घाई चालत नाही, असं किडेमास्तर नेहमी सांगत. ताईने डबीतून आणलेला भुंगा मात्र त्यांनी चहा निवायच्या आत औषधाच्या बरणीत टाकला.

आधी मारायचा, मग ओळखायचा. कामाची रीतच तशी. शिंगाळा भुंगा होता. अंगाच्या दुप्पट लांब मिशा, पाठीवर राखाडी नक्षी. बरणीत थोडा वेळ कुरकुरला, मग गप्प झाला.

"जरा वेगळा दिसला म्हणून आणला रे," ताई म्हणाली. "कपाटातून निघाला."

"बघतो," मास्तर म्हणाले. कीटकसंग्रहालयात नोकरीला असलेल्या भावाला नातेवाईक जन्मभर ढेकूण आणि वाळवीच दाखवतात. कुणाचा फोन आला की मास्तर सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता "औषध मार" म्हणत आणि ठेवून देत.

ताई गेल्यावर त्यांनी भुंगा टाचणीला लावला, पोट उघडलं, आणि संग्रहालयातला एकमेव जुना नमुना शेजारी ठेवला. ज्या जंगलातून तो आला होता ते धरणाखाली जाऊन मास्तरांच्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली होती. त्याबरोबर ही जातही संपली, असं सगळी पुस्तकं सांगत.

दोन्ही भुंगे तंतोतंत जुळले.

संचालकांनी धावत येऊन हात हातात घेतला. "मास्तर, कमाल केलीत. जिवंत मिळाला?"

"मिळाला."

"कुठाय?"

मास्तरांनी टाचणीकडे बोट दाखवलं. संचालकांनी हात सोडला.

"थांबता आलं असतं," ते म्हणाले.

"आलं असतं."

सत्कार झालाच. संस्थेला बातमी हवी होती. मास्तरांनी पुष्पगुच्छ छातीशी न धरता तोंडासमोर धरला, त्यामुळे छायाचित्र फुलांचंच आलं. भावोजींनी फोन करून पाठ थोपटली. "किडेमास्तर, नाव काढलंत." मास्तरांना जमिनीत एखादं भोक शोधावंसं वाटलं.

शेवटी रविवारी ते ताईकडे गेले. चपला काढल्या न काढल्या, तोच कपाटापाशी जाऊन बसले. जाड जुनं लाकूड, बहुधा त्याच बुडालेल्या जंगलातलं; मागच्या फळीला पेन्सिल जाईल एवढी गोल भोकं. त्यांनी बोटाने टकटक केली. कान लावला. काही नाही.

"ताई, तुझा भुंगा मी मारला," ते कपाटाकडेच बघत म्हणाले. "जगात तेवढा एकच होता. अख्खी जात बुडवली मी."

ताईला हसू आलं. "लहानपणापासून असाच तू. एवढ्याशा गोष्टीला तोंड पाडून बसायचं. अरे, एकच कुठे? सुपडंभर होते."

मास्तर ताडकन उठले. कितीतरी दिवसांनी त्यांनी मान वर केली होती.

"काय सांगतेस?"

"तर काय. या फळीवर जोड्याजोड्याने फिरायचे. हात लावला की कुरकुरायचे."

"मग आहेत कुठे?" मास्तरांनी कपाटात डोकं घातलं. "ताई, कुठे आहेत?"

"म्हणून तर गेल्या महिन्यात तुला फोन केला होता. पुरतं बोलूही दिलं नाहीस." ताईने कपाटाचं दार नीट लावून घेतलं. "पण औषध छान निघालं हं. एकच वाचला होता, तो तुला आणून दिला."