डिस्क बंद करायची राहिली

"अजितराव, तुमाला पटायचं न्हाय. कुणालाच पटत न्हाय. पर ह्या सीडीत आमची विजयमाला टीव्हीवर गातीया," मानसिंगतात्यांनी पिशवीतली डिस्क काउंटरवर ठेवली. "आन ती भरलीय कवा? अख्ख्या तालुक्याची लाईट गेली होती तवा. टीव्ही, बॉक्स, मशीन, सगळं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर."

जळोचीतल्या अजितच्या दुकानात एरवी मोबाईल आणि सीसीटीव्हीचीच कामं. सणसरहून सकाळच्या एसटीनं एक म्हातारा डिस्क घेऊन येतो, याचंच त्याला नवल वाटलं.

"लाईट नव्हती तर केबल कशी आली, तात्या?"

"केबलवाल्यानं जनरेटर लावला की. खास तिच्यासाठी. ती गायला लागली आन गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबली. मी तर कार्यक्रम संपस्तोवर बटनावरनं बोट उचललं न्हाय."

बटण एकदाच दाबायचं असतं, हे अजितनं सांगितलं नाही. डिस्क प्लेअरमध्ये घातली. प्लेअर दोनदा घुरघुरला आणि डिस्कच नाही म्हणाला. लॅपटॉपनं ती कोरी ठरवली.

"बारामतीतल्या तिघांनी बी त्येच सांगितलं," तात्या म्हणाले. "कोरी न्हाय. घरच्या मशिनीवर लागायची."

"ते मशीन कुठाय?"

"भंगारात."

अजितनं डिस्क दारातल्या उजेडात तिरकी धरली. आतल्या कडेला बोटभर रुंदीचा गडद पट्टा दिसत होता.

"तात्या, भरलीय. पण बंद करायची राहिली. बॉक्सवरनं रेकॉर्डिंग झालं की शेवटी मेनूत जाऊन डिस्क बंद करावी लागायची, फायनलाइज म्हणायचे. नाही केली तर ती तिच्या मशिनीशिवाय कुणाला दाद देत नाही."

तात्यांनी डिस्क हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"म्हंजे एक बटन राहिलं."

"सगळ्यांचंच राहायचं. काकू कधी गेल्या?"

"आखाडात वरीस होईल." तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "शेवटचं बोलणं बी ह्या सीडीवरनंच झालं. म्हनली, माझा आवाज बी नीट ठेवता आला न्हाय तुमाला. आन गेली. आता सकाळी दोघांचा च्या टाकतो मी, आन दुसरा कप तसाच गार होतो."

"फोटो आहे का त्यांचा?"

"हाय. भिंतीला लावायला हात होत न्हाय."

 अजितच्या आईचा आवाजही एका व्हिडिओ कॅसेटवर होता. लग्नाच्या शूटिंगची कामं करायचा तेव्हा एकदा कॅसेट कमी पडली आणि त्यानं तीच कॅमेऱ्यात घातली. आईच्या आवाजावर कुणाची तरी हळद आली. ही गोष्ट त्यानं बायकोलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

त्यानं हातातला मोबाईल बाजूला ठेवला आणि शिडी लावून माळ्यावर चढला. उतरला तेव्हा केसांत जळमटं होती आणि हातात जुना रेकॉर्डर.

"आमचं बी ह्याच कंपनीचं हुतं," तात्या म्हणाले.

"मग नशीब आहे आपलं."

रेकॉर्डर आधी चालूच होईना. अजितनं झाकण काढलं. दोन कपॅसिटर फुगले होते. ते बदलले, भिंगावरची धूळ पुसली, डिस्क आतून बाहेर अशी सरळ पुसून घेतली. दुकानातल्या टीव्हीला जोडल्यावर पडद्यावर एका ओळीत तारीख आणि पंचवीस मिनिटं उमटली.

"सापडलं. पण आता ऐका. ही डिस्क बंद करायला एकच संधी. मधीच लाईट गेली तर आवाज कायमचा जाईल."

"ट्रॅक्टर आनू का?"

"इन्व्हर्टर आहे, तात्या."

अजितनं बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. अर्ध्यावर आली आणि डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. तात्यांनी अजितचं मनगट धरलं. इन्व्हर्टर टकटकला. पट्टी पुढं सरकत राहिली, आणि पूर्ण भरली.

मग कागदी फुलांच्या कमानीखाली डोक्यावर पदर घेतलेली एक बाई दिसली. माईककडं तिनं विंचवाकडं बघावं तसं बघितलं, डोळे मिटले आणि गळा मोकळा केला.

*कालव्याच्या गं पाण्या, नको करू घाई घाई*
*वरकुट्याच्या बांधावर उभी असंल माझी आई*

अजितनं तोंड फिरवलं आणि उगाच पेचकस शोधू लागला. तात्यांचे ओठ गाण्याबरोबर हलत होते.

"इंदापूरला फोन लावा," ओवी संपल्यावर ते म्हणाले. "पोराकडं. नात उचलंल, उत्कर्षा."

नातीनंच उचलला.

"ताई, तुमच्या आजीचा आवाज सापडलाय," अजित म्हणाला.

"थांबा, स्पीकरवर टाकते."

अजितनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि फोन टीव्हीजवळ धरला. गाणं संपलं. तात्या फोनवर वाकले.

"पुरी भरलीय बघ, उत्कर्षा. एक शबुद गेला न्हाय. बटनावरनं बोट उचललं न्हवतं तुझ्या आज्यानं."

पलीकडं भांडं आपटल्याचा आवाज झाला. मग टीव्हीतलाच गळा बोलला, वयानं जरा खरखरीत झालेला. अजितला आत्ता कळलं, काकू गेल्या होत्या त्या पोराकडं, रुसून.

"खोटं नगा बोलू. बटन मी दाबलं हुतं. तुमी घोरत पडला हुता."