जिवंत टिकल्या

“हिसका द्यायचा नाही, बाई. बुजऱ्या घोड्याच्या मानेवरून हात फिरवता ना, तसा दांडा हळू खाली न्या.”

लव्होननं दांडा दाबला. प्रेसमधल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या बुडाची टिकली टिचकन सुटून खालच्या वाटीत पडली. न फुटता. तिनं रोखून धरलेला श्वास सोडला.

“जमलं की!” रस्टी म्हणाला. “आणि मर्ल सांगायचा, बायको काडीसुद्धा लांबून ओढते.”

“अजून तशीच ओढते,” ती म्हणाली.

रस्टीचं दुकान शिकारीच्या सामानाचं. यंदा प्रायमरचा, म्हणजे ह्या टिकल्यांचा, कुठंच पत्ता नव्हता; त्याच्या मागचं ते फडताळ सुगीपासून रिकामंच होतं. लव्होन बर्फातून चाळीस मैल गाडी हाकत आली होती. मर्लनं टिकल्या बसवून ठेवलेल्या पुंगळ्यांचे डबेच्या डबे घरी होते. दारू भरलेली नाही, गोळी बसवलेली नाही, नुसती बुडाशी जिवंत टिकली. त्या तिला काढायच्या होत्या.

“चष्मा आणि कानबंद चढवल्याशिवाय हात लावायचा नाही,” रस्टी सांगू लागला. “आधी पुंगळी पालथी करून बघा, आत काही नाही ना. तोंड बाजूला ठेवा, हात खाली नेऊ नका. वाटीत ढीग साचू द्यायचा नाही. आणि अडली तर जोर करायचा नाही, तशीच माझ्याकडं आणा.”

“फुटली तर?”

“जवळ दारू नसेल तर आवाज होईल आणि तुम्ही मला शिव्या घालाल.”

“दारू आणि बंदुका त्याचा भाऊ केव्हाच घेऊन गेला.”

“मग सगळं इकडंच आणून टाका ना. मी रिकाम्या करून देतो. तुमच्या जिवाला कशाला घोर?”

“नको. मलाच करायचंय.” तिनं वाटीतली टिकली चिमटीत धरून उजेडात पाहिली. “काढलेली पुन्हा बसते का रे?”

“चेपली नसेल तर बसते. पण आता बसवणार कोण?”

बोलून गेल्यावर रस्टीनं जीभ चावली. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“माफ करा, बाई. मला कुणी काही कळवलंच नाही. दुकानात यायचा थांबला तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. कधी गेला?”

“एकदम नाही.” लव्होन कोटाची बटणं लावत होती. “थोडा थोडा गेला. तीन हिवाळे लागले.”

“सोन्यासारखा माणूस. म्हणायचा, एल्क हरणाला दुसरी गोळी घालावी लागली तर तो माझा गुन्हा.”

“हो. असंच म्हणायचा.” तिनं दाराकडं पाहिलं. “निघते. जोआन घरी येऊन बसलीय, तिला मोकळं करायला हवं.”

जोआन शेजारच्या कुरणावरची. स्वयंपाकघरात तिनं बटाट्याचं सूप करून ठेवलं होतं.

“दोन घास खाऊन घे गं,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “वाळून काटकी झालीयस.”

“बघते.”

जोआननं तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि ती गेली.

लव्होन मागच्या खोलीत जाऊन मर्लच्या प्रेससमोर बसली. चष्मा, कानबंद चढवले. पुंगळ्या ओळीनं उभ्या होत्या. तिनं एकीच्या बुडावरून बोट फिरवलं. टिकली कुठं वर नाही, कुठं खाली नाही. त्याच्या हातचं एवढंच काय ते नीट उरलं होतं, आणि तेच आपण उसवायला बसलो.

दांडा हळू खाली. टिकली वाटीत. तिथून उचलून डबीतल्या तिच्या खाचेत. पुन्हा दांडा.

एक फुटली.

आवाज मोठा नव्हता. जळका वास नाकात गेला. तिनं कानबंद बाजूला केले आणि घराकडं कान देऊन बसून राहिली. सगळं सामसूम. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. ते आलं नाही. तिनं पुढची पुंगळी उचलली.

शेवटचा डबा रिकामा झाला तेव्हा खिडकीबाहेरच्या बर्फावर अजून ऊन होतं. खांदा भरून आला होता. ती प्रेससमोरून उठतेय तोच दार उघडलं.

लोकरी सपाता घातलेला, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेला एक उंच म्हातारा आत आला. टेबलावरच्या रिकाम्या पुंगळ्या पाहून त्याचा चेहरा उजळला.

“अरे वा! केवढं काम पडलंय!”

लव्होननं आपला चष्मा काढून त्याच्या डोळ्यांवर चढवला आणि टिकल्यांची डबी पुढं ठेवली. मर्ल स्टुलावर बसला. बोटं एकदाही चुकली नाहीत. पहिली टिकली बसवून त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला.

“बाई, तुम्ही फार करता माझं,” तो म्हणाला. “माझी बायको असती ना, तर तिनं तुम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नसतं. गेली बिचारी. तुमचे यजमान आहेत?”

“आहेत,” लव्होन म्हणाली, आणि तिनं दुसरी पुंगळी त्याच्या हातात दिली.